कॉलरची उलटी बाजू

कारखान्यात त्यांना सगळे कॉलरबाई म्हणायचे आणि त्या नावाचा त्यांना किती अभिमान होता, ते विचारू नका. शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवणारा कारखाना, साठ मशीनं, आणि त्या साठांवर या सुपरवायझर. नवी बाई कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला कापड बेतणाऱ्या मास्तरांच्या टेबलामागच्या भिंतीपाशी उभं करायचं, तिथल्या काचेच्या चौकटीकडे बोट दाखवायचं आणि भाषण ठोकायचं, हा त्यांचा नेम. चौकटीत एक पांढरी कॉलर होती. टोकं अशी धारदार की बोटाला टोचावीत.

"ही माझी परीक्षेची कॉलर," त्या सांगायच्या. "बावीस वर्षं झाली. त्या दिवशी मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी एकाच घरातून, एकच डबा घेऊन आलो. कापड तेच, दोरा तोच, वेळ तेवढाच. मी मशीनवर बसले, ती अजून मागच्या खोलीत धागे कापते. आता यात दोष कुणाचा? मालकाचा? अगं, हात असतो एकेकीचा. ज्याला हात आहे तो वर येतो. ज्याला नाही त्याचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं."

धाकटी तेव्हा बऱ्याचदा तिथेच असायची. शिवून झालेल्या शर्टांचे गठ्ठे उचलायला तिला त्याच दारातून यावं लागायचं. कुणी वळून तिच्याकडे पाहिलंच तर ती मान डोलवायची आणि म्हणायची, "खरंय ताईंचं." मग गठ्ठा डोक्यावर घेऊन निघून जायची. नव्या बाया थोरलीच्या हातावर आणि धाकटीच्या मोठ्या मनावर एकदमच खूश व्हायच्या.

घरचंही तेच चालायचं. दोन भाऊ वेगळे निघाले त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. थोरल्याकडे तीन खोल्या आणि गच्ची. धाकट्याकडे एकच खोली, नळ चार घरांत मिळून. धाकट्याची पाठ गेलेली, त्यामुळे घर चालायचं ते धाकटीच्या कात्रीवर. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पाहुणे आले आणि दोन घरांतला फरक कुणाच्या डोळ्यांवर आला की कॉलरबाई स्वतःच विषय काढायच्या, "आमची धाकटी गरीब आहे बिचारी, पण हाताला वळणच नाही, त्याला कोण काय करणार?" वाईटपणाने नव्हे हं. डॉक्टर रक्तदाब सांगतो ना, तितक्या सहज.

त्या सोमवारी मालकांनी बोलावून सांगितलं, शिवता शिवताच धागा कापणारी मशीनं येताहेत. मागच्या खोलीतल्या नऊपैकी पाच बाया कमी करायच्या. पाच नावं आणि प्रत्येकीपुढे कारण, शनिवारी दुपारपर्यंत टेबलावर हवं. अशा बातम्यांना मागच्या खोलीत पोचायला चहा होईपर्यंतसुद्धा धीर नसतो. सुट्टीत धाकटी कॉलरबाईंपुढे येऊन उभी राहिली.

"ताई, शिलाईच्या ओळीत अकरा नंबरची जागा रिकामी आहे. माझी एकदा परीक्षा घ्या ना."

"परीक्षा झाली की तुझी."

"त्याला बावीस वर्षं झाली."

"हात काय बावीस वर्षांत बदलतो होय? तुझ्या भल्यासाठीच सांगते, उगाच चारचौघींत हसं करून घेऊ नकोस. हात दाखवून अवलक्षण."

"पोरीचं एकच वर्ष राहिलंय," धाकटी म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता कामाला गेली. कॉलरबाईंनी त्या दिवशी यादीत चार नावं लिहिली. पाचवं मनात पक्कं होतं, पण घरचं माणूस, म्हणून कागदावर उतरवायचं तेवढं राहिलं होतं.

गुरुवार मास्तरांचा शेवटचा दिवस. पस्तीस वर्षं कापड बेतून बेतून पाठीला बाक आलेला हा माणूस जाताना टेबलाचे खण रिकामे करत होता. त्याने भिंतीवरची चौकट उतरवली आणि कॉलरबाईंच्या हातात दिली. "घ्या बाई, तुमची ठेव तुमच्याकडे."

बाई भरून पावल्या. चौकट घेऊन आपल्या टेबलाशी आल्या. काच धुरकटली होती, कॉलर पिवळी पडली होती. म्हटलं धुऊन, इस्त्री करून पुन्हा बसवावी. स्क्रू काढले, काच बाजूला केली, कॉलर बाहेर घेतली. बावीस वर्षांत ती पहिल्यांदा त्यांच्या हातात येत होती, कारण मास्तर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांनी ती उलटी केली आणि होत्या तिथेच खुर्चीवर बसल्या.

झालं होतं काय, ते सांगते. त्या परीक्षेत कॉलर मशीनवर शिवायची आणि आतली पट्टी हाताने तुरपायची, असं होतं. तुरपाई उजव्या हाताने केली की टाके एका बाजूला कलतात, डाव्या हाताने केली की दुसऱ्या बाजूला. शिवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आपल्या माणसाचं अक्षर ओळखावं तसं ते दिसतं. समोरच्या कॉलरीच्या पाठीवर तांदळाच्या कणीएवढे, एकसारखे, सुरेख टाके होते आणि एकूण एक टाका उलटा कललेला होता. कॉलरबाई उजव्या. डावरी होती ती धाकटी.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण बाईंनी आरसाही पाहून घेतला. चिंधी घेतली, सुईत दोरा ओवला, दहा टाके घातले, कॉलरीशेजारी धरले. दहाच्या दहा दुसरीकडे बघत होते. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "ताई, पाणी देऊ का?" तर यांनी कॉलर पदराखाली घेतली.

तशाच उठून त्या मास्तरांकडे गेल्या. ते जुन्या टेपांची गुंडाळी करत होते.

"मास्तर, ही कॉलर माझी कशावरून?"

"आता हे काय विचारणं? मागे चिठ्ठी टाचलेली आहे बघा. सात नंबर. सकाळी तुम्ही सगळ्या बसलात तेव्हा मी वहीत नावं उतरवली, सात नंबरवर तुमचं नाव. संध्याकाळी मशीनवरून तुकडे उचलले, त्यांना मशीनचा नंबर टाचला. माझ्या कामात चूक नसते."

चूक नव्हतीच त्यांची. चिठ्ठीवरचा सात बघता बघता कॉलरबाईंना ती सकाळ लख्ख आठवली. सात नंबरच्या उजव्या अंगाला खिडकी होती. धाकटी खिडकीपलीकडे आठवर बसलेली, तिथे उजेड डावीकडून यायचा आणि पुढे केलेला डावा हात त्याच्या आड येत होता. ती कानाशी येऊन म्हणाली होती, "ताई, मी डावरी ना, माझ्या हाताची सावली सुईवरच पडते. जागा बदलता?" आणि यांनी बदलली होती. नावं तोवर वहीत उतरून झाली होती. उठून सांगायचं दोघींनाही सुचलं नाही. पहिलाच दिवस, जीव मुठीत, त्यात मास्तर तापट. आपण केवढा उपकार केला, असं मात्र तेव्हा यांना वाटलं होतं.

"आणि आठ नंबरची?" त्यांनी विचारलं.

"आठ? एक टोक बोथट, वर सुरकुती. तसल्या दिवसाला दहा येतात. फेकली." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. ते चांगल्या मनाने हसले. "अहो बाई, मग काय बिघडलं? शिकलात की तुम्ही पुढे. सहा महिने शेजारी बसून शिकवलं मी तुम्हाला. त्या जागेवर दगड बसवला असता तरी तो शिकला असता."

समजूत घालायला बोलले हो ते. पण ते वाक्य बाईंच्या कानात असं बसलं की घरी जाईपर्यंत दुसरं काही ऐकू आलं नाही. दगड. बावीस वर्षं ज्या हाताची आरती ओवाळली त्याची ही किंमत, तीही ज्याने घडवला त्याच्याच तोंडून.

खोटं कशाला सांगू, बाईंच्या मनात पहिला विचार आला तो कॉलर जाळून टाकण्याचा. कुणी पाहिलं नव्हतं. मास्तर उद्यापासून येणार नव्हते. घरी चहा ठेवला होता, गॅस पेटलेला होता, कॉलर पिशवीत होती. त्यांनी पिशवीत हात घातला आणि परत काढला, असं दोनदा झालं. मग एकेक आठवायला लागलं. धाकटीच्या खोलीचा पत्रा उडाला तेव्हा आपण काय म्हणालो होतो. तिच्या पोरीला चष्मा लागला आणि तो घ्यायला दोन महिने गेले तेव्हा काय म्हणालो होतो. तिच्या तोंडावर, तिच्या नवऱ्यापुढे, पोरीपुढे. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि दर वेळी ती मान डोलवत होती. बाईंना इतकी लाज वाटली की स्वतःच्याच घरात कुठे बसावं ते कळेना. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, डोकं दुखतंय.

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत शिलाईची खोली रिकामी झाल्यावर त्या धाकटीला अकरा नंबरपाशी घेऊन आल्या. कॉलर उलटी करून मशीनवर ठेवली.

"हे बघ."

धाकटीने पाहिलं. कॉलर उचलली, अंगठा टाक्यांवरून फिरवला, एकदा, दोनदा. मग खाली ठेवली. "तुमची कॉलर आहे. काय बघू?"

"माझी नाही. तुझी आहे. टाके बघ, डावे आहेत. आपण जागा बदलली होती, आठवतं? मास्तरांनी मशीनचे नंबर लावले आणि नावं आधीची राहिली."

"काहीतरीच ताई. टाके काय, कसेही पडतात. माझ्या हातून एवढं साफ काम होणार आहे का?"

"तूच केलंयस ते. बस मशीनवर. शीव."

"सोमवारी नको म्हणालात, आज शीव म्हणता. सासूबाई बऱ्या होत्या, एकदाच काय ते सांगायच्या," असं म्हणत धाकटी बसली. कापड घेतलं. आता शिवणार आणि सगळं सिद्ध होणार, म्हणून कॉलरबाई श्वास रोखून उभ्या राहिल्या. मी सांगते, आयुष्यात त्यांनी दुसऱ्या कुणासाठी इतकं मनापासून काही मागितलं नव्हतं.

टीप पहिल्या बोटभर अंतरातच वाकडी गेली. कात्री धरून धरून धाकटीच्या डाव्या अंगठ्याचं पेर बाहेर आलं होतं आणि शेजारची दोन बोटं पुरती मिटतच नव्हती. कापड त्या बोटांखालून निसटत होतं. टोक उलटवायला गेली तर ते फाटलं. दुसरी कॉलर घेतली, तिचं टोक बोथट झालं. तिसरी तर मशीनमध्येच अडकली. ते अडकलेलं कापड कॉलरबाईंनीच सोडवलं. धाकटीला आता खरोखरच शिवता येत नव्हतं. बावीस वर्षं ज्या खोट्याची त्यांनी जाहिरात केली ते आता खरं होऊन समोर बसलं होतं.

धाकटी मात्र हसली. "झालं समाधान? सांगत होते ना."

"हे कात्रीने झालंय. तुला मशीन मिळालं असतं तर माझी बोटं अशी झाली असती आणि तुझी..." बाईंनी फाटलेल्या कॉलरी बाजूला सारल्या. "ते जाऊ दे. मी शिकवते तुला. सहा महिन्यांत येईल, मला आलं तसं. मी आत्ता मालकांकडे जाते, ही कॉलर दाखवते. पुरावा आहे हा. त्यांना तुला ही जागा द्यावीच लागेल."

धाकटीचं हसू गेलं. गळ्यात दोरीला अडकवलेली छोटी कात्री तिने हातात घेतली, कॉलर उचलली, आणि बाईंना काही कळायच्या आत पहिला टाका कापला. मग दुसरा, मग तिसरा. कापडाला ओरखडा नाही, सुताला धक्का नाही, पात्याच्या नुसत्या टोकाने एकेक कणी उडत होती. एवढ्या सफाईने धागा कापणारी दुसरी बाई त्या कारखान्यात नव्हती, हे कॉलरबाईंना त्या क्षणी दिसलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तिचा हात धरायला हवा होता. पण त्या कात्रीकडेच बघत राहिल्या.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," धाकटी कापता कापता बोलत होती, आवाज न चढवता. "काच पुसायला सांगितली होती मला. टोकावरून ओळखली मी माझी कॉलर. पण सांगू कुणाला? तेव्हा चूल एकच होती. पगार तुमचा काय न माझा काय, एकाच घरात येत होता. मग तुम्ही वेगळ्या झालात. मग रोज सांगायला लागलात, हात, हात. ऐकून ऐकून मलाही खरं वाटायला लागलं. आणि बरं वाटायचं हो ताई, खरं वाटलं की. आपलाच हात वाईट म्हटलं की कुणाचा राग येत नाही. घरात भांडण नाही, रात्री झोप लागते. आता या वयात मला राग द्यायला आलात. तो मी ठेवू कुठे? एका खोलीत राहते मी."

शेवटचा टाका गेला. पट्टी सुटून लोंबायला लागली. तिने कॉलर बाईंच्या हातात दिली.

"मालक तुम्हालाच विचारतील, मग तुम्ही कोण? दोघीही घरी बसू. लिहा माझं नाव. कारण काय लिहायचं ते तुम्हाला पाठ आहे."

घंटा झाली. बाया परत आल्या, मशीनं सुरू झाली, धाकटी आपला गठ्ठा उचलून मागच्या खोलीत गेली. कॉलरबाई सुटलेली कॉलर हातात धरून उभ्या होत्या.

शनिवारी सकाळी त्या मागच्या खोलीत गेल्या. इतक्या वर्षांत जे विचारायचं कधी सुचलं नव्हतं ते त्यांनी नऊजणींना विचारलं, की मशीनवर कुणाकुणाला बसवून पाहिलंय. परीक्षेच्या एका दिवसापलीकडे एकीलाही बसवलं नव्हतं. दोघींची तर परीक्षाही झाली नव्हती, दिसायला किरकोळ म्हणून दारातूनच मागे पाठवल्या होत्या. आणि पाठवणारं कोण, तर कॉलरबाईच.

मग त्यांनी यादी पुरी केली. पाचवं नाव लिहिलं, कारण पाच म्हणजे पाचच हवी होती आणि धाकटीच्या जागी दुसरीचं लिहायचं तर ती दुसरी कुठे मशीनवर बसली होती? पण कारणाच्या रकान्यात त्यांनी पाचही नावांपुढे एकच वाक्य लिहिलं. 'मशीनवर कधी बसवलं नाही.' खाली लिहिलं, पाचजणींना सहा महिने शिकवायला मी तयार आहे. आणि कागद ऑफिसात दिला.

अर्ध्या तासात क्लार्क तो कागद घेऊन परत आला. चांगला माणूस होता, दबक्या आवाजात बोलला.

"बाई, असं कारण चालत नाही. कारणं छापलेली आहेत. काम जमत नाही, गैरहजेरी, किंवा वय. यातलं एक निवडायचं."

कॉलरबाईंनी छापील कागद हातात घेतला. असे कागद त्यांनी किती भरले असतील त्याचा हिशेब नाही. तीनही कारणं त्यांनी पुन्हा वाचली. तिन्ही बाईचीच होती. कारखान्याचं त्यात एकही नव्हतं, आणि इतक्या वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"चौथं कारण लिहायला जागा द्या," त्या म्हणाल्या.

"नाही हो जागा."

"मग मी सही करत नाही."

"तुम्ही नाही केली तर दुसरी कुणी करेल, बाई. कशाला वाकड्यात शिरता?"

दुसरी मिळायला तासही लागला नाही. कॉलरबाईंनीच हाताला धरून शिकवलेली, पुढच्या ओळीतली एक बाई होती, तिने केली. दुपारी पाच बाया गेल्या. धाकटीने आपला कागद वाचलाही नाही, घडी घालून पिशवीत टाकला.

सोमवारी सुपरवायझरच्या टेबलाशी ती सही करणारी बाई बसली होती, आणि कॉलरबाईंच्या नावाने एक लिफाफा होता. कारण होतं, वय. कॉलरबाईंना सेहेचाळीसावं चालू होतं. टेबलाशी बसलेली त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती.